कैदेत घडलेला तवा

जुना म्हणाल तर मी जुना तवाच आहे, मित्रांनो. पण माझ्या जन्माला ना लोहाराचा भाता होता, ना आठवडी बाजारातलं पाल. आधी मी तवा नव्हतोच. पेट्रोलच्या एका पिंपाचं बूड होतो मी. काळं, निबर, तेलकट. पिंप रिकामं झालं की लाथेनं लोळवायचं, एवढीच आमची किंमत.

आज मी छत्रपती संभाजीनगरात, रोशन गेटजवळच्या एका जुन्या गॅरेजात राहतो. सकाळी शटर वर गेलं की अजूनही ग्रीसचा वास येतो, पण आत गाड्या नाहीत. आत युद्धकैद्यांचं संग्रहालय आहे. युद्धकैदी म्हणजे लढाईत शत्रूच्या हाती जिवंत सापडलेला शिपाई. लढताना मेला असता तर वेशीत त्याच्या नावाचा दगड बसला असता. जिंकून आला असता तर हलगी वाजली असती. तो जिवंत सापडला, म्हणून त्याच्या वाट्याला ना दगड आला, ना हलगी. अशांच्या नावाची हलगी शेवटी कशी वाजली, ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म इटलीतला. दुसरं महायुद्ध चालू होतं. डोंगराच्या पायथ्याशी काटेरी तारांचं कुंपण, आत लाकडी बराकी आणि बराकीत हिंदुस्थानी शिपाई. त्यांत दोघं आपल्या भागातले होते. वैजनाथ गंगापूरच्या पुढच्या, गोदाकाठच्या गावचा. तो फौजेत ट्रक चालवायचा. नूरमोहम्मद सिल्लोडचा, त्याच ट्रकांचा मेकॅनिक. आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांची तुकडी तीन बाजूंनी घेरली गेली. ट्रकमधलं पेट्रोल संपलं, पाणी संपलं आणि साहेबाचा हुकूम आला, हत्यारं खाली ठेवा. हुकूम मोडायची शिपायाला मुभा नसते. दोघांनी हात वर केले.

मित्रांनो, ते हात वर करणं एका क्षणाचं होतं. पुढं त्याचं ओझं किती वर्षं वाहावं लागलं, ते ऐका.

कैदेत रेडक्रॉसची पार्सलं यायची. आपल्या शिपायांच्या पार्सलात आटा असायचा, डाळ असायची, तुपाचा डबा असायचा. पण आटा आला म्हणून भाकरी होते होय? तवा कुठाय? पहिले काही दिवस पिठाचे गोळे पाण्यात उकडून खाल्ले. एकदा तसला गोळा चावता चावता नूरमोहम्मदची नजर पहारेकऱ्याच्या चौकीमागं गेली. तिथं मी पडलो होतो, पिंपासकट.

त्यानं पहारेकऱ्याला सिगारेटी दिल्या आणि पिंप मागून घेतलं. खाटेची लोखंडी पट्टी दगडावर घासून छिन्नी केली. हातोडा म्हणून नदीतला गोटा. ठक ठक, ठक ठक, बराकीच्या आडोशाला माझं बारसं चाललं होतं. वैजनाथ शेजारी बसून मला धरून ठेवायचा.

"वैजू, गोल नाय होऊन राहिला रे," नूरमोहम्मद कपाळावरचा घाम पुसत म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. आपण तरी कुठं सरळ राह्यलो?"

म्हणून मी आजही पुरता गोल नाही. एका अंगाला फुगीर आहे. नूरमोहम्मद म्हणायचा, हा सिल्लोडकडं झुकलाय.

पहिल्या भाकरीला पेट्रोलचा वास आला, दुसरीला आला, तिसरीलाही आला. तरी कुणी एक तुकडा टाकला नाही. मग एक वेगळाच पेच पडला. फौजेत हिंदूंचा भटारखाना निराळा, मुसलमानांचा निराळा. इथं तवा एकच. बराकीतल्या वयस्कर हवालदारानं फार विचार करून तोडगा काढला. "तव्याला दोन बाजू हायत. एक तुमची, एक आमची. भांडायचं कारणच नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सकाळी एका बाजूवर एकांची भाकरी झाली. संध्याकाळी मला पालथा घातला. आता विचार करा, सकाळभर जी बाजू विस्तवाकडं होती, तिच्यावर बोटभर काजळी! त्या काजळीवर दुसऱ्यांची भाकरी पडली. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा पालथा झालो आणि पहिल्यांच्या भाकरीलाही तोच प्रसाद मिळाला. दोन दिवसांत सगळ्या बराकीचे दात, ओठ, मिशा काळ्याकुट्ट. एकमेकांची तोंडं बघून लोक असे हसायला लागले की बंड झालं समजून पहारेकरी बंदूक घेऊन धावत आला. त्यानं आत डोकावलं आणि काळ्या तोंडांची ती फौज बघून तोही खाली बसून हसू लागला.

त्या दिवसापासून मला एकच बाजू राहिली. ती सगळ्यांची.

भाकरी थापायचं काम वैजनाथकडं आलं. ट्रकचं चाक फिरवणारे ते हात, पण भाकरी अशी थापायचे की कडा कुठं फाटत नसे. पीठ मळताना तो आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणायचा. शिपाईगडी बायकांचं गाणं म्हणतो म्हणून आधी पोरं खिदळली. मग त्यानं स्वतःच एक ओवी जुळवली.

समुद्राच्या पल्याड गं, परक्याचं अंगण
पीठ मळी लेक तुझा, हाती नाही कंकण

खिदळणं थांबलं. काहींनी तोंड भिंतीकडं फिरवलं. दुसऱ्या दिवशी पंजाबातला एक गडी अर्थ न कळताच तीच चाल गुणगुणत लाकडं फोडत होता.

पुढं इटलीचा पाडाव झाला आणि सगळ्या कैद्यांना जर्मनीत नेलं. तिथली थंडी म्हणजे हाडात शिरणारी. एका फळीवर दोघं झोपायचे. वैजनाथनं मला कोटाच्या आत पोटाशी बांधून तिथवर नेलं होतं. त्या थंडीत नूरमोहम्मद भिंतीकडं तोंड करून पडला. खाईना, बोलेना. वैजनाथनं मला विस्तवावर ठेवलं, उरलंसुरलं पीठ थापलं आणि गरम भाकरी त्याच्या तोंडाशी नेली.

"नक्को रे वैजू. दिल नाय लागत."

"तुझ्या दिलाला कोण इचारतंय? हा तवा तू घडवलास ना? मग त्याची अब्रू राख. खा."

नूरमोहम्मदनं एक घास खाल्ला. मग दुसरा. मित्रांनो, तोफा डागणाऱ्यांना पदकं मिळतात. पण त्या दिवशी त्या बराकीत एक लढाई जिंकली गेली, आणि तिचं रणांगण मी होतो. हा मान मी कुणाला देणार नाही.

इकडं गावात वैजनाथची बायको यमुनाबाई वाट बघत होती. 'बेपत्ता' एवढाच शब्द तिच्यापर्यंत पोचला होता. ती रोज पहाटे दळताना म्हणायची,

दळण दळीते बाई, पहाटेच्या पारी
राजस माझा कंथ, कोण्या परक्याच्या दारी
त्याला भाकर घालील, तिचा चुडा गं उजळू दे
माझ्या वाट्याचं चांदणं, तिच्या अंगणी पडू दे

तिला काय ठाऊक, तिच्या कंथाला भाकर घालणाऱ्या हातात चुडा नव्हता. ते हात त्याचे स्वतःचेच होते आणि तव्यावर एका मेकॅनिकच्या गोट्याचे ठोके होते!

लढाई संपली. आगबोटीनं मी मुंबईला उतरलो आणि तिथून गोदाकाठी आलो. यमुनाबाईनं मला चुलीवर चढवलं. त्यानंतरची वर्षं माझ्या भर तारुण्याची. ज्वारीच्या भाकरीनं मी असा तयार झालो की माझ्यात तोंड दिसावं. दर दिवाळीला नूरमोहम्मद यष्टीनं यायचा. लढाईनंतर त्यानं शहरात गॅरेज टाकलं होतं. घरात शिरला की आधी चुलीपाशी वाकायचा, मला नखानं टिचकी मारायचा आणि विचारायचा, "कैसा है बेटे?" मी टण्ण करून सांगायचो, मजेत आहे.

मजेत नव्हता तो वैजनाथ. चावडीवर कुणीतरी त्याला एकदा विचारलं, "काय रे, गोळ्या संपल्या होत्या का हिंमत?" आणि दुसऱ्यानं नाव ठेवलं, हातवऱ्या. हात वर करून आलेला, म्हणून हातवऱ्या. गावात नाव पडायला एक दिवस पुरतो, पुसायला जन्म पुरत नाही. कैदेची गोष्ट वैजनाथनं घराबाहेर कधीच सांगितली नाही. फक्त यमुनाबाई भाकरी करायची तेव्हा माझ्यासमोर बसून राहायचा.

त्याची लेक भागूबाई, तिनं मात्र ते नाव रोज झेललं. ती शाळेत शिरली की पोरं दोन्ही हात वर करून उभी राहायची. त्यांचा म्होरक्या होता शेजारच्या आळीतला कडूबा. मोठा टवाळ. भागूच्या लग्नाच्या मांडवातही त्यानं अक्षता टाकताना दोन्ही हात वर केले आणि अख्खा मांडव हसला. भागूनं ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. वैजनाथनंही पाहिलं.

मग वैजनाथ गेला, यमुनाबाई गेली, शहरात नूरमोहम्मदही गेला. भागूबाई विधवा होऊन माहेरच्या घरी परतली. घरात गॅस आला होता. माझं काय करायचं? बापाची शेवटची खूण. बाहेर ठेवली तर येणारा-जाणारा म्हणणार, हातवऱ्याचा तवा. तेव्हा तिनं मला उचललं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. देव्हाऱ्यातल्या वस्तूला कुणी नावं ठेवत नाही. खरं सांगू, मित्रांनो? ती माझी पूजा नव्हती. तिनं मला लपवलं होतं, देवांच्या पाठीमागं.

पण एकदा देव्हाऱ्यात बसलं की देवाचे सगळे उपचार आलेच. रोज सकाळी माझी आंघोळ! तांब्याभर पाणी, वर हळद, कुंकू, ओलं फूल. लोखंडाला रोजचं स्नान! विस्तव मला मानवतो, तेल मानवतं. पाण्यानं माझा जीव जातो. कुंकवाखाली गंज चढू लागला. माझ्या मधोमध एक जागा पातळ झाली, पापुद्र्यासारखी. ताम्हनात माझ्यावरून पडणारं पाणी लालसर व्हायचं आणि भागूबाई ते डोळ्यांना लावून म्हणायची, "बाप रडतोय माझा."

एके दिवशी दारात एक तरुण बाई उभी राहिली. गंगापूरहून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आलेली, ओढणी धुळीनं भरलेली. ही शाइस्ता. नूरमोहम्मदची नात, शहरात शाळेत इतिहास शिकवते.

"भागूआत्या, ओळखलं का? मी गॅरेजवाल्यांची शाइस्ता."

"अगं बाई! नूरचाचाची नात? नाक तेच की! ये, ये, बस."

चहा झाला. मग शाइस्तानं येण्याचं कारण सांगितलं. तिच्या आजोबांच्या बंद गॅरेजात ती युद्धकैद्यांचं संग्रहालय उभं करत होती. तीन वर्षं तिनं घरोघर फिरून वस्तू जमवल्या होत्या. "पुढच्या महिन्यात उघडायचंय, आत्या. सगळं आहे. फक्त तवा नाही. दादा, म्हणजे माझे आजोबा, मरेपर्यंत त्याच तव्याचं सांगायचे. तुम्ही द्याल?"

भागूबाईचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला. "काचंच्या पेटीत ठेवणार व्हय? खाली पाटी लावणार, हातवऱ्याचा तवा? शाळंतली पोरं येणार, बघणार, हात वर करणार. एवढं आयुष्य झाकून ठेवलं, आता म्हातारपणी शहरात नेऊन उघडं पाडू? नाय द्यायची मी."

शाइस्ताची नजर देव्हाऱ्याकडं गेली. तिनं मला पाहिलं, कुंकू पाहिलं, ताम्हनातलं लाल पाणी पाहिलं. गॅरेजवाल्याची नात ती, लोखंड ओळखायला तिला चष्मा लागत नव्हता.

"अल्ला! आत्या, तुम्ही ह्याला आंघोळ घालता?"

"देवाला घालत्यात, तशी घालते. रोज. त्यो रडतो बग, लाल पाणी येतं."

"आत्या..." शाइस्तानं तिचा हात हातात घेतला. "तो रडत नाही ओ. तो गंजतोय. अजून एक-दोन पावसाळे, की बोट घातलं तर आरपार जाईल."

भागूबाई माझ्याकडं बघत राहिली. आपल्याच हातानं बापाला झिजवलं, हे तिच्या डोळ्यांत उतरताना मी पाहिलं. वाटलं, ओरडून सांगावं की बाई, तुझ्या मायेवर माझा राग नाही. पण तव्याला कुठं वाचा असते!

शाइस्तानं पुन्हा मागणी केली नाही. उठता उठता एवढंच म्हणाली, "तवा देऊ नका, आत्या. तुमचाच आहे तो. पण पाणी बंद करा. तेलाचं बोट लावत जा. जगला पाहिजे तो, कुठं का असेना." आणि गेली.

तिनं ओढून नेलं असतं तर भागूबाईनं मला कवटाळलं असतं. तिनं सोडून दिलं, म्हणून भागूबाईचा हात सैल झाला. दुसऱ्या सकाळी पूजा झाली नाही. भागूबाईनं मला अंगणात आणलं. विटकरीचा तुकडा, राख, जाडं मीठ. घसाघसा, घसाघसा. गंजाचे पापुद्रे निघाले, कुंकू निघालं आणि त्याखाली नूरमोहम्मदच्या गोट्याचे ठोके दिसू लागले. तिनं एकेका ठोक्यावर बोट ठेवून पाहिलं. मग मला विस्तवावर ठेवून तेल पाजलं, कांद्याची फोड फिरवली. किती वर्षांनी मला ऊब मिळाली, काय सांगू!

तेवढ्यात कुंपणापलीकडून कडूबा डोकावला. तोही आता पिकलेला, हातात काठी, पण जीभ तीच. "काय गं भागू, देवच चुलीवर ठिवला?"

भागूबाईनं मान वर केली. आजवर कडूबा दिसला की ती पदर ओढून आत जायची. आज गेली नाही.

"देव नाय त्यो. तवा हाय, माझ्या बापाचा. म्हैन्याभरानं शहरात नेणार हाय आणि समद्यांम्होरं त्याच्यावर भाकरी करणार हाय. हातवऱ्याची पोर भाकरी थापील. ज्याला हसायचंय त्यानं म्होरं बसून हसावं. तू पण ये!"

कडूबा काठी टेकत आल्या वाटेनं परत फिरला.

शेजारच्या पोरीकडून तिनं शाइस्ताला फोन लावून घेतला आणि आपली अट सांगितली. काचेची पेटी नको. चूल पाहिजे. तिकडून शाइस्ता एवढ्या मोठ्यानं हसली की फोन धरणाऱ्या पोरीनं तो कानापासून लांब केला.

तो दिवस उजाडला. थंडीचे दिवस, कोवळं ऊन. गॅरेजच्या अंगणात विटांची चूल मांडलेली. शहरातले लोक, शाळेतली मुलं, सिल्लोडहून आलेली नूरमोहम्मदची भावकी, सगळं अंगण फुललं होतं. भागूबाई जीपमधून उतरली, धुतलेल्या नऊवारीत, मला मांडीवरून उचलून छातीशी धरत. तिच्या मागच्या जीपमधून तिचं गाव उतरलं आणि गावाच्या पुढं काठी टेकत कडूबा.

"फुकाटची भाकर हाय म्हणं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणून आलो."

गॅरेजात गाडीखाली उतरून काम करायचा एक लांबट खड्डा होता. तिथं शाइस्तानं कैद्यांच्या बराकीतल्यासारखी फळ्यांची खाट बसवली होती. कडूबा काठावर उभा राहिला. "ही काय इहीर खांदली व्हय?"

"उतरा आजोबा, आणि आडवे व्हा," शाइस्ता म्हणाली. गावातलाच एक गडी त्याच्याशेजारी आडवा झाला. दोघांचे खांदे एकमेकांना चिकटले.

"आरं सरक की! कूस कशी बदलायची मग?"

"दोघांनी मिळून बदलायची. एकानं हाक द्यायची, मग दोघांनी एकदम वळायचं. बाहेर बर्फ. अंगावर एकच कांबळं. वैजनाथदादा आणि माझे दादा असे झोपायचे. पोटाशी तवा बांधून, कुणी चोरू नये म्हणून."

कडूबा वर आला तेव्हा त्याच्या तोंडावर एकही विनोद नव्हता. तो मुकाट्यानं चुलीसमोर जाऊन बसला, अगदी पुढं.

भागूबाईनं मला चुलीवर ठेवलं. मित्रांनो, तेव्हा मी भ्यालो होतो. मधली ती पातळ जागा! जाळ सोसेल का? फुटलो तर या बाईचं सगळं धाडस चुलीत जाईल. तिनं पीठ मळलं, भाकरी थापली, अलगद माझ्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. उलटायला गेली, तर भाकरी चिकटली आणि तिचे तीन तुकडे झाले.

"तुटली!" पोरांतून कुणीतरी ओरडलं. काही जण हसले. भागूबाईचा हात थबकला. तिचे डोळे आपोआप कडूबाकडं गेले.

"काय हसता रं?" कडूबा काठी आपटत मागं वळला. "इतकी वर्सं पानी प्यालाय त्यो. पयली भाकर तव्याचीच असती. टाक गं भागू दुसरी!"

भागूबाईनं मला पुन्हा तेलाचा बोळा फिरवला. दुसरी भाकरी पडली. मी जीव मुठीत धरून, सगळी धग सारखी पसरवून, त्या पातळ जागेला सांभाळून घेतलं. तिनं भाकरी उलटली. अलगद सुटली! मग निखाऱ्यांच्या आरावर टेकवली आणि ती फुगली, अशी टम्म फुगली की मुलांनी टाळ्याच वाजवल्या.

भागूबाईनं ती भाकरी हातावर घेतली आणि उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलू लागली. "माझ्या बापानं हात वर केलते. हुकूम व्हता, केलते. पुन्ना त्याच हातांनी त्यानं परक्या मुलखात समद्या बराकीला भाकर घातली. हिंदूला घातली, मुसलमानाला घातली. मी त्येची पोर हाय. आता कुणाला काय म्हणायचं ते म्हणा."

कडूबानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. "वाढ," तो म्हणाला.

त्यानं घास खाल्ला, आणि गावाकडं तोंड करून म्हणाला, "वैजनाथ डायवर व्हता त्यो. आमच्या गावचा. युद्धकैदी." तो शब्द त्यानं असा उच्चारला, जसं एखाद्याला मानानं 'सुभेदार' म्हणावं. मग पोरांना दटावलं, "नाव नीट घ्या. मोठ्यानं घ्या."

गॅरेजच्या भिंती दुमदुमल्या. वैजनाथ! नूरमोहम्मद! सिल्लोडच्या लोकांनी आणलेली हलगी कडाडली. भागूबाई एकामागून एक भाकऱ्या टाकत होती आणि शाइस्ता लोणी-ठेचा वाढत होती, दोघींच्या कपाळावर घाम आणि ओठांवर हसू. शेवटची भाकरी उतरली आणि भागूबाईनं मला चुलीवरून उचलून कडेला पालथा ठेवला, तर काय नवल! माझ्या बुडाच्या काजळीत लाल ठिणग्या लुकलुकायला लागल्या, चांदण्या पेरल्यासारख्या.

"तवा हसला! तवा हसला!" बायका एका सुरात ओरडल्या. तवा हसला की पाहुणे येतात, असं आपल्याकडं म्हणतात.

आणि आले की! त्या दिवसापासून येतच आहेत. लोक येतात आणि रिकाम्या हातानं येत नाहीत. हर्सूलची मुनिरा तिच्या पणजोबांचं बटण घेऊन आली. एक म्हातारे गृहस्थ वडिलांचं फाटकं कांबळं पिशवीत लपवून आले आणि दारातच विचारू लागले, "आमचे पण पकडले गेले होते. चालतील का?" शाइस्तानं त्यांना आधी बसवलं, भाकरी वाढली, मग कांबळं मागितलं. जाताना ते छाती काढून गेले. आमचे पकडले गेले होते, असं आता लोक मान वर करून सांगतात.

मला काचेत ठेवलेलं नाही. दर रविवारी मी चुलीवर चढतो. पातळ जागेवर एका वेल्डरनं मागून जोड दिलाय. काम झालं की मला पुसतात, तेलाचं बोट लावतात, खुंटीला टांगतात. यापेक्षा तव्याला काय पाहिजे?

मित्रांनो, मी लोखंडाचा, मला शहाणपण सांगता येत नाही. पण एवढं कळलंय की लपवलेली वस्तू गंजते, मग ती अडगळीत लपवा की देव्हाऱ्यात. माणसाचंही तसंच. तुमच्या घरात, गावात कुणी हरून, पकडलं जाऊन, हात वर करून परतलेलं असेल. त्याला नाव ठेवू नका. कसा हरलास, हे तर मुळीच विचारू नका. तिथं काय खाल्लंस, कुणाबरोबर खाल्लंस, एवढं विचारा आणि ऐकत बसा. तो सांगेल. फार मोठं काहीतरी सांगेल.

बरं, आज रविवार आहे. शटर वर गेलंय, शाइस्तानं पीठ मळायला घेतलंय आणि माझ्या पोटाला ऊब लागू लागलीय. गप्पा पुरे. हात धुऊन या.